भिंगाचा कवडसा पाखरांच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून: दुर्बीण, स्कोप आणि टेलिफोटोची चकाकी कशी मारावी

डिसेंबरातली सकाळ होती. साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात येरळवाडीच्या तलावावर पट्टकादंब उतरले होते. हिमालय ओलांडून आलेले हे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे, उथळ पाण्याच्या कडेला निवांत चरत होते. मी बोराटीच्या झुडपाआड नीट दडलो होतो. अंगात मातकट सदरा, डोक्यावर मातकट टोपी, हालचाल जवळजवळ नाही. दुर्बीण डोळ्याला लावली आणि काही क्षणांत सगळ्या थव्याच्या माना वर झाल्या. मग थवा उठलाच.

पल्याडून मेंढरं घेऊन एक आबा येत होते. जवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमचं ते नळकांडं लांबनं लखाकतंय. मला पल्याडच्या माळावनं दिसलं, तर पाखरास्नी दिसायचं न्हाई व्हय?"

तेव्हा कळलं की मी कपड्यांवर पैसे घातले आणि भिंगाकडे बघितलंच नाही. समोर सूर्य, हातात काचेचे दोन गोल तुकडे. शाळेत असताना आरशाच्या तुकड्याने आपण भिंतीवर कवडसा पाडायचो, तेच काम मी त्या हंसांच्या डोळ्यांवर करत होतो. त्यानंतरचे दोन हिवाळे मी या एकाच गोष्टीच्या मागे लागलो. मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी इथे आणि कधी सांगलीकडच्या सागरेश्वरात जे करून पाहिलं आणि टिकलं, ते इथे क्रमाने मांडतो. खर्च फार नाही. माझा सगळा जुगाड पंक्चरवाल्याच्या दुकानातली जुनी ट्यूब आणि स्टेशनरीतला काळा फोम यांवर उभा आहे.

आधी समजून घ्या: चमकतं ते नेमकं काय

साध्या काचेवर उजेड सरळ पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत फिरतो. काच आणि हवा जिथे जिथे भेटतात, तिथे तिथे हे होतं. दुर्बिणीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. कोटिंग नसलेले दहा पृष्ठभाग धरले तर शेवटी डोळ्यापर्यंत जेमतेम दोन तृतीयांश उजेड पोचतो. उरलेला कुठेतरी भरकटतो आणि त्यातला काही पुढच्या भिंगातून परत बाहेर पडतो.

यावर उपाय म्हणून कोटिंग आलं. १९३५ मध्ये झाइस कंपनीत ओलेक्सांदर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवण्याची पद्धत काढली आणि तिचं महत्त्व लष्कराने लगेच ओळखलं. थराची जाडी उजेडाच्या लहरीच्या पाव भागाइतकी ठेवायची. म्हणजे थराच्या वरून परतणारी लहर आणि खालून परतणारी लहर एकमेकींना मारतात. एका थराने ४ टक्क्यांचे साधारण दीड टक्का होतात, आणि अनेक थरांच्या चांगल्या कोटिंगने अर्धा टक्का किंवा त्याहून कमी.

इथे बरेच जण थांबतात. "माझ्या दुर्बिणीला मल्टिकोटिंग आहे, चमकायचा प्रश्नच नाही." मीही असंच समजत होतो. हिशेब करून पाहा. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण चार लाख पट तेजस्वी. त्याचा अर्धा टक्का म्हणजे दोनशेवा भाग. म्हणजे भिंगात दिसणारा तो इवलासा सूर्य इतकं कोटिंग असूनही चंद्राच्या बिंबापेक्षा दोन हजार पट झगझगीत असतो. ठिपका लहान असतो, पण डोळ्याला टोचतो. कोटिंगमुळे आपल्याला पक्षी स्पष्ट दिसतो. चकाकी मारायची असेल तर ऊन काचेपर्यंत पोचूच द्यायचं नाही, एवढा एकच खरा मार्ग आहे. पुढचं सगळं त्यासाठीच.

आणखी एक गोष्ट. सपाट काच आणि फुगीर काच वेगळ्या वागतात. सपाट काच, म्हणजे लेन्सवरचा फिल्टर, गाडीची काच किंवा मोबाइलचा स्क्रीन, कवडसा एकाच अरुंद पट्ट्यात फेकते. तो पट्टा जिथे पडेल तिथे डोळे दिपवतो, बाकी ठिकाणी काही नाही. दुर्बिणीचं पुढचं भिंग फुगीर असतं. ते सूर्याचं लहानसं प्रतिबिंब रुंद भागात पसरवतं. म्हणून आबांना माळावरून दिसलं आणि हंसांना पाण्यातूनही.

जागा: पैसे न लागणारं अर्धं काम

सूर्य पाठीशी असेल तर पुढचं भिंग आपसूक सावलीत राहतं. ही गोष्ट इतकी साधी आहे की कुणी मनावर घेत नाही. तलावावर गाडी जिथे पोचते तिथेच आपण बसतो.

आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि नैर्ऋत्येला मावळतो, दुपारीही दक्षिणेकडेच झुकलेला असतो. म्हणून सकाळी तलावाच्या पूर्व किंवा आग्नेय काठावर बसून पश्चिमेकडे बघायचं, दुपारी दक्षिण काठावर बसून उत्तरेकडे, संध्याकाळी पश्चिम काठावर. पाखरांवर ऊन सरळ पडत असल्याने रंगही नीट दिसतात. थापट्याच्या डोक्यावरचा हिरवा, चक्रवाकाचा नारिंगी तांबूस, हे सगळं उन्हाच्या विरुद्ध बाजूने नुसतं काळं दिसतं.

एक काळजी घ्या. सूर्य पाठीशी म्हणजे ऊन तुमच्यावरही पडतं आणि बांधावर उभे राहिलात तर आभाळाच्या पार्श्वभूमीवर तुमचा आकार ठसठशीत दिसतो. बांधाच्या माथ्यावर कधीच बसू नका. दोन हात खाली उतरा, मागे बाभूळ, घायपात किंवा उभा शाळू असू द्या. जानेवारीत माण-खटावच्या पट्ट्यात शाळू पुरुषभर उंच असतो. त्याच्या कडेला बसायला मिळालं तर त्याहून चांगली जागा नाही. मात्र शेत कुणाचं आहे ते विचारून बसा. मी नेहमी आधी घरी जाऊन सांगतो. पाणी विचारतात, चहा विचारतात आणि पाखरं कुठे बसतात तेही सांगतात.

पण दरवेळी पाहिजे तो काठ मिळत नाही. एका काठावर दलदल असते, दुसऱ्यावर वस्ती किंवा मोटार चालू असते. मग सूर्य समोर घेऊनच बसावं लागतं, आणि तेव्हा पुंगळी लागते, म्हणजे भिंगावर ऊन पडू नये म्हणून दुर्बिणीच्या पुढे चढवायची पोकळ नळी.

कोन मोजायला हात पुरे

पुंगळी किती लांब करायची हे एका कोनावर ठरतं. तुमची नजर ज्या रेषेत आहे आणि सूर्य जिथे आहे, त्या दोघांमधला कोन. उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की मुठीची रुंदी साधारण १० अंश. वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश. सूर्याकडे टक लावून बघू नका. सूर्य दुसऱ्या हाताने झाका आणि त्याच्या कडेपासून खाली पाखरांपर्यंत मुठी मोजा.

माझा ठोकताळा असा: हा कोन तीन मुठींच्या आत आला की भिंग चमकतंय असंच धरायचं. तीन मुठींच्या पुढे असेल तर तुम्ही ज्या पाखराकडे बघताय त्याला त्रास कमी, पण सूर्याच्या बाजूला बसलेल्या दुसऱ्या थव्याला चकाकी जाऊ शकते. आणि एक थवा उडाला की दुसरा थांबत नाही.

डिसेंबरच्या अखेरीस आपल्या भागात सकाळी ८ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण १२ अंश वर असतो, ९ ला २४ आणि १० ला ३५. दुपारी जास्तीत जास्त ४९. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ८ वाजता सूर्य समोर असेल तर कुठलीही पुंगळी पुरत नाही, जागाच बदलावी लागते. ९ नंतर पुंगळी काम करू लागते.

पुंगळीची लांबी

हिशेब सोपा आहे. भिंगाचा व्यास आणि पुंगळीच्या तोंडाचा व्यास यांची सरासरी काढा. माझी दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आहे. भिंग ४२ मिमी, आणि नळीवरून बसणाऱ्या पुंगळीचं तोंड ५२ मिमी. सरासरी ४७. आता कोनाप्रमाणे भिंगापासून तोंडापर्यंत लागणारं अंतर असं येतं:

४५ अंशाला ४७ मिमी
३५ अंशाला ६७ मिमी
३० अंशाला ८१ मिमी
२५ अंशाला १०१ मिमी
२० अंशाला १२९ मिमी
१० अंशाला २६७ मिमी

शेवटचा आकडा पाहिला की कळतं, सकाळी आठला जागा बदला असं का म्हटलं ते. पाऊण फुटाच्या वर लांब पुंगळ्या लावून कुणी दुर्बीण धरू शकत नाही.

मी २५ अंश धरले. भिंग नळीच्या कडेपासून ७ मिमी आत बसलेलं आहे. ते अंतर फुकटात मिळतं, ते वजा केलं. म्हणून पुंगळी नळीच्या पुढे ९५ मिमी. तुमची दुर्बीण १० बाय ५० ची असेल तर तुमची सरासरी काढून त्याच प्रमाणात वाढवा. खिशात मावणाऱ्या २५ मिमीच्या दुर्बिणीला पाच-सहा सेंटिमीटरमध्ये काम भागतं. लहान भिंगाचा हा एक फायदा सहसा लक्षात येत नाही.

अशी लांब पुंगळी लावली तर चित्र अंधारं होईल का, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिमीवर आलेली असते. ८ बाय ४२ मधून बाहेर पडणारी उजेडाची शलाका सव्वापाच मिमी जाड असते. म्हणजे दिवसा डोळा भिंगाचा मधला सोळा ते चोवीस मिमीचाच भाग वापरतो. कडेचा थोडा उजेड पुंगळीने अडवला तर कळतही नाही. उलट भरकटलेला उजेड आत शिरत नसल्याने चित्रातला धुरकटपणा जातो. मला पहिल्या दिवशी वाटलं कुणीतरी काच पुसून दिली. पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र बाहुली मोठी होते, तेव्हा पुंगळी काढून ठेवा. त्या वेळी सूर्य नसतोच.

बनवायची कशी

लागतं ते: दुचाकीची जुनी ट्यूब, स्टेशनरीत मिळणारा २-३ मिमी जाडीचा काळा फोम, काळी मखमल किंवा फळ्याला देतात तो काळा रंग, रबराला चालणारा चिकट पदार्थ, कटर आणि पोलादी पट्टी.

ट्यूब पंक्चरवाल्याकडे मागितली तर तो पैसे घेत नाही. नळीवर घट्ट बसेल अशी बघा. मोटारसायकलची ट्यूब ताणली की ५० मिमीच्या नळीवर छान बसते, सायकलची लहान पडते. चार सेंटिमीटर रुंद दोन कडी कापा. आतली पांढरी भुकटी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ही पायरी मी पहिल्यांदा गाळली होती, आणि आठवडाभर भिंगावर पांढरी धूळ बसत राहिली.

फोमची पट्टी कापा. रुंदी ९५ मिमी अधिक नळीवर चढायला १५ मिमी. लांबी नळीच्या घेराइतकी. घेर दोऱ्याने मोजा, पट्टीवर ताणून वाचा. कडा एकमेकींना भिडवून चिकटवा, एकमेकींवर चढवू नका, नाहीतर तिथे उंचवटा येऊन पुंगळी वाकडी बसते.

आतली बाजू हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. फोम काळा असला तरी त्याच्यावर तिरकं ऊन पडलं की चमकतो. विश्वास बसत नसेल तर पुंगळी उन्हात धरून तोंडातून आत बघा, एका बाजूला पांढरट पट्टा दिसेल. कुठलाही गुळगुळीत काळा पृष्ठभाग अगदी तिरक्या उजेडात आरशासारखा वागतो. त्यासाठी आतून काळी मखमल लावा. मखमलीच्या तंतूंमध्ये उजेड शिरतो आणि अडकतो. मखमल नसेल तर बारीक पॉलिश पेपर आतून चिकटवून त्यावर फळ्याचा रंग द्या. चकचकीत ऑइलपेंट अजिबात नको. काजळी फासायची कल्पना माझ्या एका मित्राने वापरली होती. तिचे कण सुटून काचेवर गेले आणि पुसताना कोटिंगवर ओरखडे आले. काजळी नको.

मखमल कापल्यावर तिच्या कडेचे तंतू सुटतात. कडेला चिकटद्रव्याचा पातळ हात फिरवा आणि सुकल्यावर पुंगळी उलटी धरून जोरात झटका. तंतू पडायचे थांबेपर्यंत भिंगावर चढवू नका.

आता फोमची पुंगळी नळीवर पंधरा मिमी चढवा आणि वरून ट्यूबचं कडं सरकवा. कडं अर्धं फोमवर, अर्धं नळीवर. ताण असल्यामुळे ती हलत नाही आणि हवी तेव्हा ओढून निघते.

दोन्ही नळ्या तुमच्या डोळ्यांच्या अंतरावर जुळवून पाहा. दोन पुंगळ्या मधोमध एकमेकींना घासत असतील तर त्या बाजूची मखमल पातळ करा किंवा फोम दोन मिमीचा घ्या. शेवटी एक सुधारणा: ऊन वरून येतं, म्हणून खालचा निम्मा भाग तिरका कापून अर्ध्या लांबीचा केला तरी चालतं. वरचा ओठ टोपीच्या छज्जासारखा पुढे राहतो. वजन घटतं आणि वाऱ्यात दुर्बीण कमी थरथरते. माणच्या माळावरचा वारा ज्यांनी अनुभवलाय त्यांना याचं मोल कळेल.

मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी

लष्करात बंदुकीच्या दुर्बिणीवर आणि निरीक्षणाच्या दुर्बिणींवर षटकोनी घरांची काळी जाळी लावतात. तत्त्व तेच: एका लांब पुंगळीऐवजी शेकडो बारीक पुंगळ्या. घराची रुंदी ३ मिमी आणि खोली १० मिमी असेल तर साधारण १७ अंश आणि त्याहून जास्त कोनातलं ऊन अडतं. तेवढ्यासाठी साध्या पुंगळीला माझ्या दुर्बिणीवर दीड वीत लांबी नाही तरी पंधरा सेंटिमीटर लागले असते. जाळी मात्र एका सेंटिमीटरमध्ये ते करते.

मग सगळ्यांनी जाळीच का लावू नये? कारण घरांच्या भिंती थोडा उजेड खातात आणि चित्राची धार किंचित बोथट होते. दुर्बिणीतून थवा मोजायला ते चालतं. कॅमेऱ्यावर अजिबात चालत नाही, कारण पाण्यावरच्या चमकत्या ठिपक्यांभोवती विचित्र आकृत्या उमटतात. पाणपक्ष्यांच्या मोजणीसाठी तासन्‌तास एका जागी बसायचं असेल, आणि तेही सूर्य समोर घेऊन, तरच मी जाळी सुचवीन. काळ्या रंगाच्या बारीक स्ट्रॉचे सेंटिमीटरभर तुकडे एका कड्यात घट्ट बसवून ती घरी होते. स्ट्रॉ आतून चकचकीत असतात, म्हणून फळ्याच्या पातळ केलेल्या रंगात ते तुकडे बुडवून घ्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावू नका.

कॅमेरा आणि स्कोप

टेलिफोटोबरोबर, म्हणजे लांबचं टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या लेन्सबरोबर, हूड येतो, म्हणजे तयार पुंगळीच. तो उलटा बसवून ठेवायची सवय इतकी पसरली आहे की तलावावर दहा फोटोग्राफर असले तर निम्म्यांचे हूड उलटे दिसतात. सरळ लावा. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर पक्षी बघताना काढा. ती सपाट काच दोन पृष्ठभाग वाढवते आणि लेन्स फिरवली की कवडशाचा झोत काठावरून सरकत जातो. स्थिर चमकेपेक्षा सरकणारा झोत जास्त घात करतो. लेन्स पांढरी असेल तर तिच्यावर मातकट कापडाची खोळ शिवून घ्या.

स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या एकनळी दुर्बिणीला, बहुतेक वेळा ओढून बाहेर काढायचा हूड असतो, तो ओढायचा विसरतो इतकंच. ट्रायपॉडचे पाय चकचकीत असतील तर त्यांना जुनी सायकल ट्यूब गुंडाळा. थंडीत हातालाही बरं वाटतं.

भिंग सोडून बाकीचं

इथे थोडक्यात सांगतो, कारण एकदा डोळ्यात भरलं की स्वतःच सापडत जातं. चष्मा, घड्याळाची काच, मोबाइल, स्टीलची पाण्याची बाटली, डब्याचं झाकण. बाटलीला जुना मोजा चढवा, घड्याळ बाहीत घ्या. मोटारसायकल बांधावर उभी करता तेव्हा तिचे आरसे आणि टाकी तलावाकडे बघत असतात. आरसे खाली वळवा, टाकीवर पंचा टाका. चारचाकी तर तलावापासून लांबच ठेवा, तिच्या पुढच्या काचेइतका मोठा आरसा आपल्यापैकी कुणाच्याच हातात नसतो.

आणि हालचाल. दुर्बीण छातीवरून डोळ्यावर नेताना भिंग वरून खाली मोठा कंस काढतं, त्या प्रवासात कुठेतरी ते सूर्याला गाठतंच. मी आता पुंगळीच्या तोंडावर तळहात ठेवूनच दुर्बीण उचलतो. डोळ्याला लागली, पाखराच्या दिशेला स्थिर झाली, मग हळूच हात काढतो. या एका सवयीने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच वस्तूने पडला नाही. टिटवीला मात्र काहीच चालत नाही. तिने पाहिलं की ती सगळ्या तलावाला सांगते. ती ओरडली की दुर्बीण खाली घेऊन गप्प बसा, दहा मिनिटांत विसरते.

चाचणी: दोन माणसं, दीडशे पावलं

पुंगळी लावली म्हणजे काम झालं असं धरू नका. मोकळ्या माळावर सकाळी साडेनवाच्या सुमाराला जा. दुर्बीण दगडावर किंवा ट्रायपॉडवर ठेवा. पुंगळ्या काढलेल्या. ती अशा दिशेला लावा की सूर्य तिच्या समोरच्या बाजूला, दोन ते तीन मुठी वर राहील. डोळा कुणीही लावायचा नाही. हे पाळाच. दुर्बिणीतून सूर्य दिसला तर डोळा कायमचा जातो, आणि भिंग थेट सूर्याकडे राहिलं तर मागून येणारा तापलेला झोत वाळलं गवतही पेटवू शकतो.

मित्राला दीडशे पावलं पुढे पाठवा. तो उकिडवा बसेल, कारण पाखराचा डोळा तेवढ्याच उंचीवर असतो. नुसत्या डोळ्यांनी बघायचं, दुर्बिणीने नाही. मग तो डावीकडे पाच-पाच पावलं सरकत तीस पावलांपर्यंत जाईल, परत येऊन उजवीकडे तीस. दीडशे पावलांवर सव्वीस पावलं म्हणजे साधारण १० अंश. जिथे जिथे ठिपका चमकेल तिथे तो एक दगड ठेवेल. मग तुम्ही पुंगळ्या चढवा आणि तो तीच फेरी पुन्हा मारेल.

माझ्या पहिल्या चाचणीत तेरा जागांपैकी अकरा जागांवर दगड पडले होते. पुंगळी लावल्यावर दोन उरले, दोन्ही उजव्या टोकाला. शोधल्यावर कळलं की उजव्या पुंगळीतली मखमल एका बाजूला सुटून फोम उघडा पडला होता. म्हणजे दगड नुसती चकाकी नाही, चूक कुठे आहे तेही दाखवतात. तासाभराने सूर्य वर गेला की चाचणी पुन्हा करा आणि वेळेसकट वहीत लिहा. दोन रविवारांत तुमच्या दुर्बिणीचा पक्का तक्ता तयार होतो.

काच स्वच्छ ठेवणं

मळकी काच जास्त पसरट चमकते. धुळीचा प्रत्येक कण उजेड उधळतो. आपल्याकडे मुरुमाच्या रस्त्याची धूळ असते आणि त्यात बारीक वाळूचे कण असतात. पंच्याने किंवा सदऱ्याच्या टोकाने कोरडंच पुसलं तर ते कण कोटिंग खरवडतात आणि त्या ओरखड्यांची चकाकी नंतर कशानेही जात नाही. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी मायक्रोफायबर. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार उडतात.

पावसाळ्यात महाबळेश्वर, पाटण, चांदोलीच्या बाजूला राहत असाल तर बुरशीची भीती खरी आहे. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली की उजेड विखुरतो आणि ती घरी निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून दुर्बीण ठेवा. ट्यूबची कडी मात्र त्या वेळी काढून वेगळी ठेवा. रबर महिनोन्‌महिने ताणलेलं राहिलं की तडे जातात, आणि दमटपणात नळीच्या कातडी वेष्टनाला चिकटून बसतं. माझ्या डाव्या नळीवर तो काळा डाग अजून आहे. दिवाळीनंतर पाखरं यायला लागली की कडी हाताने ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या तर पंक्चरवाल्याकडे एक चक्कर मारायची आणि नवी कापायची, दहा मिनिटांचं काम आहे.